घसाऱ्याची नाळ

हरिहररावांना कधी कुणाचा हेवा वाटला नाही, असं ते स्वतःच लोकांना सांगत. टेलिफोन खात्यात त्यांची बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा ते त्याच्या पार्टीला जाऊन पोटभर जेवून आले होते. पण अडुसष्टाव्या वर्षी, नेदरलँड्समधल्या रायस्वाइक गावात, मुलाच्या स्वयंपाकघरात चहा पिताना त्यांना असा काही हेवा वाटला की कप बशीत ठेवताना खणकन वाजला. आणि हेवा वाटावा तो कुणाचा? मोबाइलच्या पडद्यावर वीतभर दिसणाऱ्या एका पोराचा, ज्याला ते पाच मिनिटांपूर्वी ओळखतही नव्हते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते पुण्याहून मुलाकडे आले होते, तीन आठवड्यांसाठी. तेवढ्यात कोरोनाने सगळं जग बंद करून टाकलं. तीन आठवड्यांचे सहा महिने झाले. व्हिसा वाढवून मिळाला, पुन्हा मिळाला, आणि आता वाढेना. अडकलेल्यांना घेऊन जाणारं एक विमान होतं, त्यात त्यांना जागा मिळाली होती. मंगळवारी निघायचं. पुण्यात वाट पाहायला कुणी नव्हतं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती.

मुलगा सारंग आणि सून प्रांजली, दोघंही अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास या ऑफिसांच्या भागातल्या कंपन्यांत आयटीत, आणि दोघंही आता घरातल्या दोन टेबलांवरून सकाळपासून संध्याकाळपर्यंत मीटिंगमध्ये. राहिली नऊ वर्षांची नात, सलोनी. तिला मराठी सगळं समजायचं. ‘पाणी आण’ म्हटलं की पाणी यायचं. पण तोंडातून येणार ते डच, नाहीतर इंग्रजी. आजोबांना ती ‘ओपा’ म्हणायची, तिच्या वर्गातली सगळी मुलं आपापल्या आजोबांना म्हणतात तसं.

हरिहररावांनी एकच ध्यास घेतला होता. जायच्या आधी या पोरीने आपल्याशी मराठीत बोललं पाहिजे. हट्ट म्हणा, पण त्यामागे साधी भीती होती. एकदा ते गेले की उरणार फक्त फोन. आणि ज्या आजोबाशी बोलायला शब्द नाहीत, त्याला फोनवर हात हलवून मुलं पळून जातात, हे त्यांनी मित्रांच्या घरी पाहिलं होतं. म्हणून त्यांनी बाराखडी घेतली, गोष्टी सांगितल्या, चिक्कीची लाच दिली. एकदा तर ‘मला इंग्रजी समजत नाही’ असं सपशेल खोटं जाहीर केलं. पोरीने शांतपणे आपलं वाक्य फोनला सांगितलं आणि फोनमधली बाई आजोबांशी मराठीत बोलली. त्या रात्री हरिहरराव धड जेवले नाहीत.

आणि आता हा राजन! कणकवलीचा मुलगा, तिशीचा, आठ वर्षं ओमानच्या डोंगरांत गाइड. पर्यटक यायचे बंद झाले, तेव्हा हात बांधून बसण्यापेक्षा मोबाइल काठीला बांधून तो एकटाच डोंगरात चालायचा आणि घरी अडकलेल्या लोकांना लाइव्ह दाखवायचा. इथल्या मराठी मंडळाने त्याला गाठून मुलांसाठी एक अख्खा दिवस ठरवला होता. तो तिकडे वाळवंटातल्या कातळावरून चालणार, मुलं इकडे आपापल्या गावात एकेका मोठ्या माणसाबरोबर चालणार. तो थांबला की थांबायचं, तो जेवला की जेवायचं. गुरुवारी त्याने काय काय बरोबर घ्यायचं ते सांगायला मुलांना व्हिडिओ कॉलवर बोलावलं, आणि सलोनीने हात वर केला.

“राजनदादा, तिथे साप आहे का?”

स्वच्छ मराठीत! कप वाजला तो तेव्हा.

“ऐकलंत का, बाबा?” प्रांजलीचे डोळे चमकले. “किती छान विचारलं तिने!”

“ऐकलं,” हरिहरराव म्हणाले. “मला सहा महिन्यांत काही नाही विचारलं.”

“तुम्हाला काय साप आहेत का विचारणार, बाबा? शनिवारी तुम्हीच जा तिच्याबरोबर. सारंगचं सॉफ्टवेअर रिलीज आहे, माझाही कॉल आहे. आणि तुमचाच तर विषय!”

त्यांचाच विषय होता, तेच तर पोटात दुखत होतं. पुण्यात तीस वर्षं दर रविवारी ते चाळीस-पन्नास जणांना घेऊन सह्याद्रीत जात. हरिहर सर म्हटलं की डॉक्टर, वकील, नगरसेवक, सगळे निमूट एका रांगेत चालायचे. सरांच्या पुढे पाऊल टाकायची कुणाची छाती नव्हती. ते सर आता कुण्या राजनच्या मागे चालणार होते, आणि तेही सपाट कालव्याकाठी!

शनिवारी सकाळी आठ वाजता दोघं व्लीटच्या काठाने निघाले. व्लीट म्हणजे रायस्वाइकला लागून डेल्फ्टकडे जाणारा कालवा. काठाला सायकलींची वाट, पाण्यात बदकं, आणि चढ म्हणाल तर मध्ये येणाऱ्या पुलाचा. सलोनीच्या गळ्यात फोन, इअरफोनचं एक टोक तिच्या कानात आणि दुसरं आजोबांच्या. वायर आखूड होती. त्यामुळे वर्षानुवर्षं मान ताठ ठेवून चाललेल्या माणसाला नातीच्या उंचीला वाकून चालावं लागत होतं.

पडद्यावर मात्र खरंच डोंगर होता. झाड नाही, गवत नाही, नुसता तपकिरी, राखाडी, कुठे गुलाबीसर कातळ, आणि खाली खोल दरी. उंची सहा-सात हजार फूट, त्यामुळे ऑगस्टातही तिथे वारा होता. हरिहररावांच्या पायांना आपोआप शिवशिव सुटली. सहा महिने त्यांनी एक चढ चढला नव्हता. आणि हा लेकाचा रोज तिथे! तो पुढे चालायचा, मध्येच काठी वळवून स्वतःचा घामेजलेला चेहरा दाखवायचा आणि हसायचा. दातही चांगले होते त्याचे. हरिहररावांना तेही आवडलं नाही.

“हे बघा, मंडळी,” राजनने एक दगड कॅमेऱ्याजवळ धरला. “यात काय दिसतंय?”

“शंख!” पाच-सहा मुलं एकदम ओरडली.

“समुद्र इथून तीन तास लांब. मग शंख डोंगरावर कसा आला?”

चुनखडक, हरिहरराव मनात म्हणाले. समुद्राचा तळ उचलला गेला, इतकं सोपं आहे. त्यांनी तोंड उघडलं, तोवर सलोनीने हात वर केला होता.

“डोंगर आधी पाण्यात होता. आमच्याकडे पण पाणी होतं. मग लोकांनी पाणी काढलं. आता तिथे माझी शाळा आहे.”

“काय सांगतेस? पाणी काढलं? सगळं?” राजन चालता चालता थांबला. “हे मला ठाऊकच नव्हतं. कसं काढलं गो?”

आणि सलोनी सांगायला लागली. पवनचक्क्या, बांध, पंप. शब्द अडला की डच शब्द घालायची आणि पुढे जायची. राजन मध्येच ‘मग?’ म्हणायचा, ‘अरे बापरे’ म्हणायचा. चांगली चार मिनिटं चाललं ते. हरिहरराव कानातलं टोक दाबून धरत ऐकत होते. नातीचा आवाज त्यांना कानातून आणि शेजारून असा दोन्हीकडून ऐकू येत होता, आणि त्यातला एकही शब्द त्यांच्यासाठी नव्हता. ‘ठाऊकच नव्हतं म्हणे! गाइड आहेस की शाळेत बसलायस?’ अंगाचा नुसता तिळपापड झाला त्यांच्या.

अकराच्या सुमाराला राजनने जेवायची सुट्टी दिली. हरिहररावांनी पहाटे उठून तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या. तीस वर्षं प्रत्येक ट्रेकला त्यांच्या डब्यात हेच असे. बाकावर बसून सलोनीने तीन पुऱ्या खाल्ल्या. मग पिशवीतून आईने दिलेला पाव काढला, त्यावर चॉकलेटचे बारीक दाणे पसरलेले, आणि तो फोनसमोर धरून राजनला दाखवला.

“राजनदादा, हे बघ, आम्ही सकाळी हे खातो. तू काय खातोस?”

“मी खुबूस, म्हणजे इथली रोटी, आणि आईने पाठवलेली लसणीची चटणी. संपत आली आता. विमानं सुरू झाली की येईल.”

“तुझी आई कुठे आहे?”

“कणकवलीला. वर्ष झालं, भेट नाही.”

“ओ,” सलोनी म्हणाली आणि तिचा आवाज लहान झाला. “तुला रडू येतं?”

हरिहरराव डब्याचं झाकण लावत होते. ते लागेना. या पोरीने त्यांना कधी विचारलं होतं, रडू येतं का म्हणून? पुऱ्यांबद्दल एक अक्षर तिने राजनला सांगितलं नव्हतं. हेवा एखाद्या जेवणासारखा पचून जाईल असं त्यांना गुरुवारी वाटलं होतं. तो घशाशी येऊन बसला होता.

जेवणानंतर सलोनीने आणखी एक गोष्ट केली. ती केली नसती तर पुढचं काही घडलं नसतं.

“राजनदादा, माझे आजोबा पण गाइड आहेत.”

कुणीही दुसरा आजोबा या वाक्याने विरघळला असता. पण ज्याचं डोकं फिरलेलं आहे त्याला सरळ काही ऐकू येत नाही. हरिहररावांना एवढंच ऐकू आलं की राजन गाइड, आणि आपण ‘पण’. राजन पहिला, आपण मागून!

“अरे वा!” राजन म्हणाला. “आजोबा, या की समोर. नमस्कार! कुठं फिरलात तुम्ही?”

हरिहररावांनी फोन नातीच्या गळ्यातून काढून हातात घेतला आणि सांगितलं. किल्ले सांगितले, घाटवाटा सांगितल्या, दोरांच्या गाठी सांगितल्या. सात-आठ मिनिटं झाली. पडद्यावरच्या छोट्या चौकटींमधली मुलं इकडेतिकडे बघायला लागली. एक तर उठून गेलं. सलोनी त्यांची बाही ओढत होती. राजन मात्र ऐकत होता, वाकून, एखाद्या विद्यार्थ्यासारखा. त्या नम्रपणानेही हरिहररावांचा पारा चढला.

“बरं, मंडळी,” शेवटी राजन म्हणाला. “खाली ती दगडी घरं दिसतायत ना? कधीचं ओसाड पडलेलं गाव आहे. आता आपण वळसा घालून तिकडे जाऊ. तासभर लागेल.”

“वळसा कशाला?” हरिहरराव म्हणाले. “तुझ्या डावीकडे नाळ आहे. सरळ खाली उतरतेय.”

नाळ म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद, उभी घळ. सह्याद्रीत अशा नाळांमधूनच खाली कोकणात उतरतात.

“ती वाट नाही, आजोबा. घसारा आहे त्यात. सुटे दगड, पाय ठरत नाही.”

“घसाऱ्याला घाबरतोस? मी साठाव्या वर्षी उतरलोय असल्या नाळेतून, पाठीवर सॅक घेऊन. आणि तू कोकणातला ना रे? मग गाइड कसला तू?”

चौकटींमधली मुलं हसली. कुणाचा तरी बाप म्हणाला, “हो हो, होऊन जाऊ दे!” राजनने नाळेकडे कॅमेरा वळवला. परक्या वडीलधाऱ्या माणसाला, तेही वीस-पंचवीस घरांदेखत, ‘तुम्ही गप्प बसा’ म्हणण्याचं वळण त्याला आईने लावलेलं नव्हतं.

पडद्यावर नाळेचं तोंड दिसत होतं. हरिहररावांनी ते नीट पाहिलं. सह्याद्रीच्या नाळेत मोठमोठे धोंडे एकमेकांत घट्ट बसलेले असतात. इथे चपटे, पातळ तुकडे एकावर एक रचल्यासारखे पडले होते, आणि वरच्या तुकड्यांच्या कडा ताज्या, पांढऱ्या होत्या. म्हणजे नुकतेच सुटलेले. त्यांच्या गटातलं कुणी अशा जागी पाऊल टाकायला गेलं असतं, तर सरांनी कॉलर धरून मागे ओढलं असतं. हे सगळं त्यांना दिसलं, आणि एरवी क्षणभरही न थांबणारी त्यांची जीभ थांबली.

“बरं,” राजन म्हणाला. “आजोबा म्हणतायत तर थोडं उतरून बघू.”

तो दहा-बारा पावलं उतरला. आधी खडखड असा आवाज आला. मग चित्र गरकन फिरलं, कातळ, आकाश, एक बूट, पुन्हा आकाश. एक ओरडणं ऐकू आलं आणि ते मध्येच तुटलं. पडद्यावर नुसतं निळं आकाश राहिलं. मागे दगड घरंगळत होते, बराच वेळ.

“राजनदादा!” सलोनी किंचाळली. काठावरून जाणारी सायकलवरची बाई दचकून थांबली. “राजनदादा! राजनदादा!”

कुणी उत्तर दिलं नाही. सगळ्या चौकटींमधून मुलं एकदम बोलत होती. एक रडत होतं. फोन अजून हरिहररावांच्या हातातच होता. त्यांना फोन खाली ठेवायचं सुचेना.

दोन मिनिटं गेली असतील. मग आकाशात एक हात आला, त्यावर रक्ताचा ओघळ, आणि मागून राजनचा चेहरा. गालावर पांढरी धूळ, ओठ फुटलेला.

“आहे, आहे मी,” तो धापा टाकत म्हणाला. “घाबरू नका, मंडळी. कोपर सोललंय, गुडघ्याला लागलंय. एका धोंड्यावर अडकलो म्हणून बरं. आता मी हळूहळू वर जातो. गाव पुढच्या वेळी बघू, चालेल ना? आणि आजोबांना कुणी काही बोलू नका हं. ती वाट नाही हे मला माहीत होतं, चूक माझीच.”

मग एकेक चौकट विझली. सलोनीने आजोबांच्या हातातून फोन काढून घेतला. ती बाकावर जाऊन बसली, पाय वर घेऊन, गुडघे छातीशी धरून. सायकलवाल्या बाईने लांबूनच डचमध्ये काहीतरी विचारलं. सलोनीने मान हलवली. बाई निघून गेली.

हरिहरराव बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. घसा साफ केला.

“त्याचं काय आहे, बाळा, तो चुनखडक आहे. आपल्याकडचा काळा कातळ वेगळा असतो. तो असा सुटत नाही. उन्हाने आणि थंडीने या खडकाला—”

“आजोबा,” सलोनी म्हणाली.

ते थांबले. ओपा नाही, आजोबा. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिने त्यांना त्या नावाने हाक मारली होती.

“तू त्याला मुद्दाम पाडलंस.”

एकही शब्द अडखळला नव्हता. ‘मुद्दाम’ हा शब्द तिच्या आईचा. खोलीत पसारा केला की प्रांजली म्हणायची, मुद्दाम करतेस ना? त्यामुळे तो कुठे वापरायचा, हे पोरीला बरोबर ठाऊक होतं.

‘नाही’ म्हणायला हरिहररावांनी तोंड उघडलं. त्यांना राग यायला हवा होता. आजोबाला असं बोलतात? पण डोळ्यांसमोर ते चपटे तुकडे आले, पांढऱ्या कडांचे. तो मरावा असं त्यांना वाटलं नव्हतं, देवाशपथ नाही. फक्त घसरावा, चारचौघांत बुडावर आपटावा, आणि पोरीने एकदा बघावं की खरा गाइड कोण ते. एवढंच वाटलं होतं. पण वाटलं होतं.

“हो,” ते म्हणाले.

सलोनीने वळून पाहिलं. तिला बहुतेक हे उत्तर अपेक्षित नव्हतं. तिचे डोळे लाल झाले होते.

“का?”

“तू त्याच्याशी बोलत होतीस म्हणून. सबंध दिवस. मराठीत.” त्यांना आपला आवाज परका वाटला. “माझ्याशी कधी बोलली नाहीस. मी मंगळवारी चाललोय. मला वाटलं, एकदा तरी माझ्याशी बोलशील. दुसरं काही नको होतं मला.”

कालव्यातून एक लांबलचक बोट गेली. तिच्या लाटा काठावर येऊन आपटल्या आणि बदकं थोडी बाजूला सरकली. सलोनी बोटीकडे बघत होती. मग तिने बाहीने नाक पुसलं आणि खाली उतरून बूट नीट केले.

“आता बोलले ना,” ती म्हणाली.

आणि ती घराच्या दिशेने चालायला लागली.